इमल्शनच्या बादलीतील डिस्टेंपर

गेल्या हंगामात कापसाचे पैसे हाती आल्यावर, यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या घराची बैठक आणि मुलाची खोली गडद राखाडी रंगात रंगवण्याचे ठरले. मुलाचे लग्न उन्हाळ्यात होते आणि रंग त्याच्याच पसंतीचा होता. शेजारच्या काकाजींनी "हे तं चुलीतल्या राखेवानी दिसन, भाऊ" असे आधीच बजावले होते. त्यांना रंग पटला नव्हता इतकेच, फसवणूक निराळ्याच ठिकाणी झाली.

तालुक्याच्या ठेकेदाराने धुता येणारे इमल्शन वापरतो असे सांगून ३८,००० रुपयांत काम ठरवले आणि २५,००० रुपये आगाऊ घेतले. बादल्या नामांकित कंपनीच्या होत्या, मात्र झाकणे उघडलेली होती. "दुकानात मशीनवर बनवला, काकाजी, मंग सील कसं राहीन?" हे त्याचे उत्तर मला पटले, कारण गडद छटा यंत्रावरच तयार होतात. तशा बादलीवर दुकानदार सहसा छटेचा क्रमांक, बेस (ज्यात रंगद्रव्य मिसळतात तो मूळ रंग) आणि तारीख छापलेली चिठ्ठी चिकटवतो, हे मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मांडवाच्या दिवशी भिंतीला टेकून बसलेले माझे साळे उठले, तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाठभर राखाडी पट्टा उमटलेला होता. कुलरचे तुषार जिथे उडत होते तिथे तर भिंतीवरून ओघळ उतरले होते. ओले फडके फिरवले, ते काळे झाले.

दुसऱ्या पेंटरने नखाने भिंत खरवडून पाहिली आणि हा पांढरा डिस्टेंपर, म्हणजे इमल्शनपेक्षा स्वस्त आणि कमी टिकाऊ रंग असून त्यात काळा स्टेनर, म्हणजे छटा आणणारे दाट रंगद्रव्य ओतले आहे, असे सांगितले. गडद छटेसाठी वेगळा बेस लागतो, कारण पांढऱ्या बेसमधील पांढरे रंगद्रव्य काळ्याला फिके करत राहते; मग गडदपणा आणण्यासाठी स्टेनर वाढवत जावे लागते आणि तो जास्त झाला की भिंतीला धरत नाही, हाताला लागतो. फिकट रंग असता तर ही लबाडी कदाचित वर्षभर उघडकीला आली नसती. हाताने कालवल्यामुळे दोन भिंतींची छटाही जुळत नव्हती, पण ती आम्ही उजेडाचा फरक समजलो. बिलात २० लिटर रंग लावला होता. आमच्या सुमारे ८०० चौरस फूट भिंतींना इमल्शनचे दोन हात द्यायला त्याच्या निम्माही लागला नसता, हे हिशेब मांडल्यावर लक्षात आले.

बिल तरी कसले, वहीचे फाडलेले पान होते. त्यावर ना शिक्का, ना जीएसटी क्रमांक. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत, शुल्क न भरता करता येते. मी त्या पानासोबत भिंतींचे फोटो आणि आगाऊ रकमेची फोनवरील नोंद जोडून तक्रार तयार केली आहे. ठेकेदार फोन उचलत नाही.

डिस्टेंपर पूर्ण खरवडल्याशिवाय त्यावर इमल्शन टिकत नाही, त्यामुळे पुट्टीपासून सारे पुन्हा करावे लागले. या वेळी मी दुकानात यंत्राजवळ उभा राहिलो, झाकणावर चिठ्ठी लागल्यावर तिचा फोटो काढला, आणि बादली माझ्याच मोटारसायकलवर घरी आणली.