मेणाचा थर्मोस्टॅट की इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह?

पाण्याने गार होणाऱ्या हायड्रोजन फ्युएल सेलचं (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या संचाचं) तापमान सांभाळायला यातलं काय बसवू, असं एका विद्यार्थ्याने विचारलंय. पीईएम स्टॅकला, म्हणजे पातळ पडदा (मेम्ब्रेन) असलेल्या सेलच्या थप्पीला, साधारण ६० ते ८० अंश मानवतात. जास्त तापला की मेम्ब्रेन सुकतं, गार पडला की आत पाणी साचतं.

मेणाचा थर्मोस्टॅट, म्हणजे आतलं मेण वितळून फुगलं की पाण्याची वाट उघडणारी झडप, स्वस्त. ना वायर, ना सेन्सर. पण मेण वितळेपर्यंत लोड (विजेची मागणी) वाढून पारा पुढे गेलेला असतो. शिवाय गाडीचा जुना काढून लावलात, तर त्याचं पितळ डीआयनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यात आयन सोडतं आणि पाण्यातून वीज वाहू लागते. हे हमखास विसरलं जातं.

इलेक्ट्रॉनिक थ्री-वे व्हॉल्व्ह (पाणी रेडिएटरकडे किती आणि थेट परत किती, हे वाटणारा) महाग. ट्यूनिंग (कंट्रोलरची जुळवणी) डोकं खातं, पण लोड बदलताच हलतो.

एकसारख्या लोडच्या बॅकअप संचाला मेण पुरे. वाहनाला इलेक्ट्रॉनिकच, सोबत वेग बदलणारा पंप.