सिकल सेलचं एक अक्षर, दोन ब्राउझर

सिकल सेल विदर्भात आणि नंदुरबारकडे घरोघरी माहीत असलेला आजार. त्याचं मूळ ११व्या गुणसूत्रावरच्या एचबीबी जनुकात, डीएनएच्या एका अक्षराच्या बदलात. ते अक्षर डोळ्यांनी पाहायचं तर यूसीएससी जीनोम ब्राउझर उघडावा की एन्सेंबल? दोन्ही म्हणजे डीएनएचा अख्खा क्रम पडद्यावर दाखवणाऱ्या वेबसाइट, आणि दोन्ही फुकट.

यूसीएससीच्या शोधपेटीत या बदलाचा ओळखक्रमांक आरएस३३४ (rs334) टाका, ५२,२७,००२ या जागेवर पोचाल. पूर्ण झूम केलं की अक्षरं दिसतात. इथे नवखे हमखास गोंधळतात: पुस्तकात बदल ए चा टी असा असतो, पडद्यावर मात्र टी चा ए. कारण हे जनुक डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट्या धाग्यावर आहे आणि ब्राउझर सुलटा धागा दाखवतो. खालचे ट्रॅक, म्हणजे माहितीच्या पट्ट्या, हवे तसे उघडा-मिटा. इतर पृष्ठवंशीयांशी तुलनाही तिथेच. हातात नुसता डीएनएचा तुकडा असेल तर ब्लॅट हे तिथलं शोधसाधन त्याची जागा चुटकीसरशी शोधतं. नजर बसवायला याहून चांगली जागा नाही.

एन्सेंबलचं पान सुरुवातीला जडच वाटतं. पण त्याच बदलाचा प्रथिनावर काय परिणाम होतो, कोणत्या लोकसमूहात तो किती आढळतो, हे तिथे नीट मांडलेलं मिळतं. बदलांची मोठी यादी तपासायची असेल तर मी सरळ व्हीईपीकडेच, म्हणजे बदलांचे परिणाम सांगणाऱ्या एन्सेंबलच्या साधनाकडेच, जाते.

फायली इकडून तिकडे नेताना मात्र जपा. यूसीएससीत गुणसूत्राचं नाव ‘सीएचआर११’ (chr11), एन्सेंबलमध्ये नुसतं ‘११’. शिवाय डीएनएवरच्या जागा नोंदवणाऱ्या फायलींपैकी बेड (BED) फाइल शून्यापासून मोजते, जीटीएफ (GTF) एकपासून. माझी एक अख्खी दुपार या एका आकड्यापायी गेली आहे.