शॉर्ट शिफ्टरच्या नावाखाली कापलेला दांडा

सोलापुरात गिअरला शॉर्ट शिफ्टर (गिअर टाकताना दांडा कमी हलावा म्हणून बसवायचं किट) बसवून घ्यायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. माझे साडेसात हजार गेलेत.

माझी जुनी स्विफ्ट, मॅन्युअल. पुणे हायवेला लागलं की गिअरला फारसा हात लागत नाही, पण आसरा चौक ते सात रस्ता नुसतं दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा. दांड्याची फेक, म्हणजे गिअर टाकताना हात सरकतो ते अंतर, कमी झाली तर बरं, म्हणून एका मॉडिफिकेशनवाल्याकडे गेलो. त्याने काउंटरवर चकचकीत खोका ठेवला, आत खरंच किट होतं. "संध्याकाळी या मालक, काम वेळखाऊ आहे."

संध्याकाळी नॉब (दांड्यावरची मूठ) खाली आलेला, फेक कमी, गिअर मात्र घट्ट. "शॉर्ट शिफ्टर घट्टच असतो. चालू द्या, सैल होतंय."

फसवणुकीची खरी मेख इथे आहे, कारण त्याचं पहिलं वाक्य खोटं नाही. खऱ्या किटमध्ये दांडा ज्या पिव्हटवर (टेकूवर) हलतो तो वर उचललेला असतो, किंवा पिव्हटपासून गिअरबॉक्सकडे जाणारी केबल अडकवायच्या पिनेपर्यंतचा भाग लांब केलेला असतो. म्हणून तेवढीच केबल ओढायला दांडा कमी कलतो आणि जोर जास्त लागतो. दांडा वरून नुसता कापला तरी हाताला तसंच जाणवतं: नॉब पिव्हटजवळ येतो, हात कमी फिरतो, जोर वाढतो. फरक एकच, दांडा कलण्याचा कोन बदलत नाही. कामाआधी आणि नंतर, पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये बाजूने फोटो काढा. कोन तोच दिसला तर बूट, म्हणजे दांड्याभोवतीचं कव्हर, उघडायला लावा.

माझ्या गाडीचा बूट उघडला तो आमच्या नेहमीच्या चाचांनी. नॉब हातात फिरायला लागला होता, म्हणून गेलो होतो. पिव्हट कंपनीचा, खालचा भाग कंपनीचा, केबलच्या पिनांवर जुनी धूळ तशीच. वर हॅक्सॉच्या खुणा आणि डाय मारून पाडलेले वाकडेतिकडे आटे. चाचा एवढंच म्हणाले, "ह्यात किट कुठाय बे?"

परत गेलो आणि जुना पार्ट मागितला. भंगारात गेला म्हणे. जाणार काय, तो तर गाडीतच होता! पुढे एका मित्राला ग्राहक म्हणून पाठवलं, तर त्याच्यासमोर तोच खोका, तोच फाटका कोपरा. अख्ख्या धंद्याला एक किट पुरतंय.

तेव्हा काम डोळ्यासमोर करून घ्या आणि जुनी असेंब्ली हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. बिलावर किटचं नाव आणि पार्ट नंबर लिहून घ्या. मला मिळालेल्या चिठ्ठीवर "गिअर काम" एवढंच आहे. बिलावर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कापलेला दांडा, यूपीआयची नोंद आणि चाचांनी काढलेले फोटो जपून ठेवलेत. तक्रारीची नोटीस पोचल्यावर त्या मॉडिफिकेशनवाल्याचा फोन आला, "कोर्टात कशाला जाताव मालक, किट बसवून देतो की." मी पैसेच मागितलेत.