स्कॅनर उत्तम, पण ती फिल्मची चौकट!

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की सगळे कंपनीवर भांडत बसतात आणि चौकट बाजूला राहते. मला बोलायचंय ते चौकटीवर.

फ्लॅटबेड स्कॅनर आहे, सीसीडी सेन्सरवाला (म्हणजे भिंगातून चित्र टिपणारा), झाकणात फिल्मसाठी दिवा असलेला. बाकीचं खोक्यावर वाचलं असेलच. घेतला तो थोरल्या काकांच्या निगेटिव्हसाठी. काकांच्या लॉऱ्या होत्या. नवी गाडी आली, स्प्रिंगचा पाटा तुटला, नदीला पाणी आलं, क्लिनरचं लग्न ठरलं, की काकांचा आगफा क्लिक थ्री बाहेर निघायचा. 120 ची फिल्म, एका रोलमध्ये 12 फोटो, एकेक निगेटिव्ह साधारण 6 बाय 6 सेंटिमीटरची. जुन्या लॉऱ्यांचं वेड असलेले आम्ही काही जण एकमेकांना फोटो पाठवत असतो. ट्यूबलाइटसमोर निगेटिव्ह धरून मोबाइलने काढलेले माझे फोटो बघून मंडळी कंटाळली होती. ‘एक तर नीट पाठव, नाहीतर पाठवू नकोस,’ असंही ऐकून झालं होतं.

आता चौकट. 120 च्या फिल्मसाठी सोबत जी प्लॅस्टिकची चौकट येते, तिचं झाकण दोन इवल्याशा आकड्यांवर, म्हणजे हुकांवर, बसतं. वर्षानुवर्षं गुंडाळून पडलेली फिल्म सहजासहजी सरळ होत नाही. ही चौकट तिला फक्त कडेने धरते, मधे फिल्म फुगलेलीच राहते. फुगली की तेवढा भाग फोकसमधून जातो. आणि लॉरी कायम फोटोच्या मधोमध असते. म्हणजे मागचं बाभळीचं झाड लख्ख आणि नंबरप्लेट पुसट! ज्यांना नुसता ‘जुना फोटो’ हवा त्यांचं यात काही बिघडत नाही. आमच्यासाठी नंबरप्लेट म्हणजे फोटोचा जन्मदाखला. 1989 मध्ये नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि एमएच-बारा छापाचे नंबर आले; त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे. अक्षरं वाचता आली तर गाडीची नोंद कुठली आणि साधारण कधीची, हे सांगणारे लोक आमच्यात आहेत. वाचताच आली नाहीत तर बसा डोकं खाजवत.

पुढे एक आकडा तुटला. जोर लावून नाही, रोजच्यासारखं झाकण लावताना. मशीन वॉरंटीत होतं, म्हणून सेवाकेंद्रात गेलो. ‘ॲक्सेसरी वॉरंटीत येत नाही.’ बरं, विकत द्या. ‘सुटी येत नाही.’ मग काय करू? ‘सर, एक्स्चेंजमध्ये नवीन मॉडेल घ्या ना.’ बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी नवं मशीन! वर तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद केल्याचा मेसेज आला, मी अजून त्यांच्या जिन्यात होतो.

घरी येऊन काळ्या पुठ्ठ्यात खिडकी कापली, त्यावर फिल्म ठेवली आणि वरून जुन्या फोटोफ्रेमची काच दाबली. फिल्म सपाट झाली, पण स्कॅनमध्ये फिकट-गडद वर्तुळं उमटली. याला न्यूटन रिंग्ज म्हणतात. फिल्मची गुळगुळीत पाठ काचेला टेकली की मधे राहिलेल्या हवेच्या पातळ थरामुळे होतात. फिल्म उलटी करून इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची, न चमकणारी बाजू काचेकडे केली आणि वर्तुळं गेली. मग उंचीचा प्रश्न, कारण सेन्सरचा फोकस ठरावीक उंचीवर असतो. पुठ्ठ्याचे थर एकेक वाढवत गेलो आणि नंबरप्लेट सगळ्यात धारदार दिसली तिथे चिकटवून टाकलं. दुकानातल्या चौकटीने जे कधी दिलं नाही ते पुठ्ठ्याने दिलं. खर्च शून्य, कारण काचही घरचीच.

इथवर लिहून मी एकच तारा देणार होतो. पण मशीनचं मत चौकटीवरून ठरवणं बरोबर नाही, हे पुठ्ठ्यानंतर दिसायला लागलं. सपाट फिल्म मिळाल्यावर हा स्कॅनर गाळातून तपशील काढतो. जमशेदपूरहून चेसिस आणतानाचा एक फोटो आहे. तेव्हा टाटाची गाडी म्हणजे इंजिन, पुढचा पत्रा आणि चाकं. दार नाही, टप नाही, हौदा नाही. बॉडी नंतर इकडे सुतार-लोहारांकडून बांधून घ्यायची. लाकडी फळीवर बसलेला ड्रायव्हर, डोळ्यांना गॉगल, तोंडाला पंचा. रेडिएटरवर मर्सिडीजचा तारा, म्हणजे गाडी टाटा आणि मर्सिडीजच्या 1954 ते 1969 च्या करारातली. हे प्रिंटवरही कळत होतं. स्कॅनमध्ये पत्र्यावर खडूने लिहिलेला आकडा दिसला आणि पंच्याची किनारसुद्धा.

दुसरं म्हणजे एक जुना वाद मिटला. प्रीमियर कंपनीच्या लॉऱ्या डॉज, फार्गो आणि डिसोटो अशा तीन नावांनी निघायच्या आणि बॉनेट जवळपास एकच. काकांची एक गाडी ‘डॉजच होती’ म्हणून एक गृहस्थ हटून बसले होते. डॉज आणि फार्गो दोन्ही इंग्रजीत पाच अक्षरी, त्यामुळे अक्षरं मोजून भागत नाही. मधलं अक्षर डी आहे की आर, ते दिसावं लागतं. आर निघाला. गृहस्थांनी फक्त अंगठा पाठवला.

जाहिरातीतल्या 6400 डीपीआयच्या (म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपले जातात त्या आकड्याच्या) नादी लागू नका. या आकाराची निगेटिव्ह 6400 ला 16 बिट ग्रेमध्ये घेतली तर फाइल 400 एमबीच्या आसपास जाते आणि हाती जास्तीचं काही लागत नाही. क्लिक थ्रीच्या साध्या भिंगात तेवढा तपशील मुळात नाहीच, कडेला तर चित्र मऊच असतं. 2400 पुरे, फाइल 60 एमबीच्या आत. कागदी फोटोंना 600. मूळ स्कॅन टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये, ठेवा, पाठवायला जेपेग करा.

धूळ काढण्याची सोय सुरुवातीला फार आवडली होती. इन्फ्रारेडवाली, म्हणजे अदृश्य किरणांनी धूळ हुडकणारी, सोय कृष्णधवल फिल्मवर चालतच नाही, कारण त्यातली चांदी इन्फ्रारेडलाही अडवते. म्हणून सॉफ्टवेअरवाली लावायचो. आकाश कसं स्वच्छ! मग एका फोटोत लॉरीच्या फाळक्यावरची (हौद्याच्या फळीवरची) नक्षी विचित्र वाटली. मूळ निगेटिव्ह भिंगाखाली धरली. पेंटरने कडेने ठिपक्यांची ओळ काढली होती. सॉफ्टवेअरने निम्मे ठिपके धूळ समजून पुसले होते आणि पत्र्याचे काही रिवेटही त्यात गेले. तेव्हापासून ती सोय बंद. ब्लोअरने फुंकर, मऊ ब्रश, बस.

जाळीदार पोताच्या कागदावरचे फोटो मात्र त्रास देतात. पोताची सावली पडून लॉरीला देवी आल्यासारखं दिसतं. फोटो एकदा सरळ, एकदा वरची कड खाली येईल असा फिरवून स्कॅन करायचा आणि दोन्ही एकावर एक नेमके बसवून सरासरी घ्यायची. वेळखाऊ आहे, पण पोत बराच मरतो.

तर घ्यावा का? निगेटिव्ह असतील तर घ्या, नुसते प्रिंट असतील तर स्वस्तातला चालेल. माझे चार तारे. पाचवा चौकटीने खाल्ला. हल्ली काचेच्या आतल्या बाजूला हलकी वाफ धरायला लागलीय. उघडून पुसली तर वॉरंटी जाते, आणि सेवाकेंद्रात पाठवायची माझी इच्छा नाही. वॉरंटी संपली की स्क्रू काढतो.