नेव्हीवाल्या आबांचं चपलांचं दुकान

कोल्हापुरात भवानी मंडपाजवळ चप्पल लाईनमध्ये शिरलं की सगळीकडनं 'या पावणं, बघून तर जावा' चालू होतं, इथं तसलं काही नाही. आबा नव्वदीच्या घरातले, नेव्हीतनं रिटायर झाले आणि वडिलांच्या गादीवर बसले ते बसलेच. गल्ला आता नातू बघतोय पण चप्पल आबांच्या हातातनं गेल्याशिवाय गिऱ्हाईकाला मिळत नाही, तळ वाकवून बघणार, शिवणीवर नख फिरवणार, आणि नाही पटली तर तुमच्यासमोरच बाजूला टाकणार. 2019 ला कोल्हापुरी चपलेला जीआय टॅग, म्हणजे त्या भागातल्या मालाच्या नावाला सरकारी संरक्षण, मिळाल्यापासनं जो तो ओरिजिनल म्हणून खपवतोय, हितं रेक्झिन असेल तर सरळ रेक्झिनच सांगतात.

मी कापशी घेतली, कोल्हापुरीचाच एक प्रकार, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, सुरवातीला अंगठ्याला चावते, खोबरेल लावा म्हणाले, आता मऊ पडलीय. पावसात घालू नका, उगं दुकानाला शिव्या देत बसाल.

4 डिसेंबरला गेलात तर पेढा मिळतो. 1971 ला त्या रात्री आपल्या मिसाईल बोटींनी कराची बंदरावर हल्ला केला, तोच नेव्ही डे. आबांसमोर विषय काढला की अर्धा तास गेलाच समजा, पण ऐकावं असं बोलतात हो.

भाव एकच, घासाघीस केली की आबा सरळ पेपर उघडून बसतात. दुपारी बंद असतं आणि पार्किंगची बोंब आहे, गाडी लांब लावून चालत या.