मायक्रोवेव्ह पुसायचा कशानं: लिंबाची वाफ की खायचा सोडा?

आमटीचे उडालेले थेंब ताजे असतील तर मी सरळ लिंबाच्या बाजूनं. काचेच्या वाडग्यात पेलाभर पाणी, त्यात अर्धं लिंबू पिळून सालही टाकायची, लाकडी चमचा ठेवायचा आणि 3-4 मिनिटं चालू करायचं. चमचा विसरू नका. गुळगुळीत भांड्यातलं पाणी न उकळताच 100 अंशांच्या वर तापू शकतं आणि जरा हलवलं की एकदम उसळून हात भाजतो. नंतर 5 मिनिटं दार बंदच ठेवा. वाफेनं डाग मऊ पडतात, ओल्या फडक्यानं निघतात, लसणाचा वासही कमी होतो.

पण कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवेनं भाजायच्या सेटिंगवर, टिक्के भाजणाऱ्या घरांत तेल भिंतीला करपून चिकटलेलं असतं. तिथे वाफ तोकडी पडते, सोडाच हवा. प्लग काढा, 2 चमचे सोडा थोड्या पाण्यात कालवून लावा, 15-20 मिनिटांनी मऊ स्पंजनं पुसा. तारेची घासणी नको. लेप हवेच्या जाळीत जाऊ देऊ नका. पांढरी पूड मागे राहते, म्हणून फडकं दोन-तीनदा पिळून पुसावं लागतं.

आतल्या भिंतीवरच्या अभ्रकाच्या पातळ पत्र्याला मात्र दोन्ही उपाय नकोत. तो ओलसर फडक्यानं फक्त टिपायचा. त्यावर तेल साचून करपलं की ठिणग्या उडतात. मग पत्रा बदलावाच लागतो. बाहेरचं कव्हर घरी कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असू शकते.