हॉर्सरॅडिश: ताजं मूळ, बरणी की स्वतःची लागवड?

फेसलेल्या मोहरीचं केळ्याचं रायतं खाताना पहिल्याच घासाला नाकातून थेट डोक्यात झिणझिणी जाते. ती ज्यांना आवडते, त्यांना हॉर्सरॅडिश हे युरोपातलं झणझणीत मूळही आवडेल, कारण दोन्हींचा झणका एकच. मोहरी, मुळा, कोबी आणि हॉर्सरॅडिश एकाच कुळातले. काळ्या मोहरीत आणि या मुळात सिनिग्रिन नावाचं तेच द्रव्य असतं. मूळ अखंड असेपर्यंत त्याला फारसा वास नसतो. किसलं की पेशी फुटतात, आतलं एन्झाइम सिनिग्रिनला भिडतं आणि डोळ्यांतून पाणी काढणारं तेल तयार होतं. मोहरी पाणी घालून फेसायची ती याचसाठी.

मी जर्मनीत, एर्लांगेनला राहते. शेजारचं बायर्सडोर्फ हे हॉर्सरॅडिशचं गाव; तिथली शामेल ही कंपनी १८४६पासून याच धंद्यात आहे. बाकी जर्मनीत याला मेअरेटिश म्हणतात, आमच्या फ्रँकन भागात आणि ऑस्ट्रियात क्रेन. नव्याने आलेली मराठी मंडळी मला विचारतात, की मूळ आणावं, तयार बरणी घ्यावी, की बाल्कनीत लावावं? महिन्यातून दोनदा जरी खाणार असाल तर मूळ आणा, असंच मी सांगते.

मूळ ऑक्टोबरपासून बाजारात येतं. घेताना हातात धरून वाकवून बघा. वाकलं तर ते शिळं. टणक, आतून पांढरं आणि निदान अंगठ्याएवढं जाड हवं. दीडशे-दोनशे ग्रॅमचा तुकडा दोन-तीन जणांच्या घराला बरेच दिवस पुरतो. ओलसर फडक्यात गुंडाळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवला तर काही आठवडे टिकतो. लागेल तेवढंच टोक सोला, बाकीचं तसंच राहू द्या.

किसताना खिडकी उघडी ठेवा. मिक्सरमध्ये वाटलंत तर झाकण काढताना तोंड लांब ठेवा, कारण कांद्याचं पाणी यापुढे काहीच नाही. खरी मेख व्हिनेगरच्या वेळेत आहे. आंबटपणा मिसळला की एन्झाइमचं काम थांबतं आणि तिखटपणा तिथेच पक्का होतो. सौम्य हवं असेल तर किसल्याबरोबर व्हिनेगर किंवा लिंबू घाला. जहाल हवं असेल तर तीनेक मिनिटं थांबून मग घाला. व्हिनेगर घातलंच नाही तर थोड्याच वेळात झणका उडून जातो आणि कीस कडवट लागतो.

आपला हात सवयीने फोडणीकडे जातो, तो इथे आवरायला हवा. हे तेल उडून जाणारं आहे, उकळलं की संपलं. फ्रँकनमध्ये उकडलेल्या गोमांसाबरोबर पाव, रस्सा आणि साय घालून क्रेनचा गरम सॉस करतात, पण त्यातही ताजा कीस शेवटी, गॅस बंद करून घातला तरच चव राहते. ऑस्ट्रियातलं आप्फेलक्रेन त्याहून सोपं: किसलेलं सफरचंद, लिंबू, क्रेन आणि चिमूटभर साखर. पोलंडमध्ये ईस्टरला बीट आणि हॉर्सरॅडिश एकत्र करतात. ते खाल्लं तेव्हा मला आपली बीटाची कोशिंबीर आठवली, आणि तेव्हापासून मी उकडलेल्या बीटाच्या कोशिंबिरीत मिरचीऐवजी चमचाभर क्रेन घालते. घट्ट दह्यात कालवून थालीपिठाबरोबरही ते सुंदर लागतं.

बरणीची सोय मोठी आहे, पण लेबल वाचून घ्या. काहींत किसलेलं मूळ, व्हिनेगर, मीठ एवढंच असतं. काहींत साय, तेल आणि साखरच जास्त, मूळ नावापुरतं. पांढरा रंग टिकवायला सल्फाइट घातलेलं असू शकतं, दमा असलेल्यांनी तेवढं बघावं. उघडल्यावर दर आठवड्याला झणका कमी होत जातो, म्हणून लहान बरणी बरी.

लागवड अवघड नाही. अवघड आहे ती नंतर थांबवणं. बी जवळजवळ धरतच नाही, मुळाच्या पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या लावतात. वरचं टोक सरळ कापलेलं आणि खालचं तिरकं असतं, म्हणजे उलटसुलट होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये कांडी तिरपी लावायची आणि थंडीने पानं मेली की खणायचं. इथले शेतकरी उन्हाळ्यात माती बाजूला करून वरच्या भागातली बारीक मुळं काढून टाकतात, त्यामुळे मुख्य मूळ जाड आणि सरळ होतं. हे काम कष्टाचं आहे, पण त्याशिवाय हाती दोऱ्यांचा गुंता येतो. जमिनीत राहिलेला बोटभर तुकडाही पुन्हा फुटतो. आमच्या सामायिक बागेतल्या एका वाफ्यात कोणीतरी वर्षांपूर्वी लावलेलं क्रेन अजून दर वसंतात टोमॅटोच्या मधून वर येतं. म्हणून लावायचंच तर चाळीसेक लिटरच्या खोल बादलीत, तळाला भोकं पाडून. बाल्कनीत वीतभर खोल कुंडी असेल तर नाद सोडा.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांसाठी उत्तर वेगळं आहे. या झाडाला थंडीतली विश्रांती लागते, पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात त्याच्यामागे लागू नका. वसाबीच्या, म्हणजे त्या जपानी हिरव्या झणझणीत चटणीच्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंगच असतो, ती चालेल. शेवग्याचं मूळ मात्र वापरू नका. ब्रिटिशांनी इथे ते हॉर्सरॅडिशऐवजी वापरलं, म्हणून इंग्रजीत शेवग्याला हॉर्सरॅडिशचं झाड म्हणतात, पण त्या मुळाच्या सालीत विषारी द्रव्यं असतात.

पुण्याला आईकडे गेले की मी सरळ मोहरीच फेसते. दोन चमचे मोहरीची ताजी पूड घ्यायची, पाणी थंड, कारण उकळतं पाणी एन्झाइम मारतं. रवीने किंवा चमच्याने जोरात फेसून दहा मिनिटं झाकून ठेवायची, नाकाला जाणवली की लिंबू पिळून दह्यात घालायची. बीटाच्या त्याच कोशिंबिरीला ती क्रेनइतकीच शोभते.